परसबागेतली अनोळखी कीड मी अशी ओळखतो

किडा दिसला की मी आधी पान बघतो. कडा कुरतडलेल्या, मध्ये छिद्रं, म्हणजे चावणारी कीड: अळी, भुंगा, नाकतोडा. पान आकसलेलं, पिवळं, हाताला चिकट लागलं, तर रस शोषणारी: मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण. एवढ्यात निम्मी नावं गळतात. कपाशीचं वावर लागून असलं तर भेंडीवर तुडतुडे आणि लाल ढेकण्या हमखास तिकडूनच येतात. दोन्ही झाडं एकाच कुळातली.

सगळ्यात जास्त घोळ वांग्यावर होतो. मावा खाणारा ढालकिडा आणि पान खाणारा हड्डा भुंगा, दोघांचीही पाठ तांबूस आणि वर काळे ठिपके. ठिपके मोजत बसू नका, हड्ड्याचे बारा ते अठ्ठावीस असतात. ढालकिडा तुकतुकीत असतो. हड्डा मळकट, दहापट भिंगातून बारीक लव दिसते. हड्ड्याची अळी पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची. पानातला हिरवा गर खरवडून शिरांची जाळी ठेवते. ढालकिड्याची अळी करडी, लांबट आणि चपळ. तिच्यावर फवारणी झाली की मावा मोकाट सुटतो.

अळी असेल तर पोटाखालचे मांसल पाय मोजतो, छातीचे तीन जोड सोडून. दोन ते पाच जोड म्हणजे पतंग किंवा फुलपाखराची. उंटअळीला ते कमी, म्हणून ती पाठ उचलत चालते. सहापेक्षा जास्त जोड असलेली, मुळा-मोहरीवरची काळी अळी वेगळ्याच माशीची. लिंबावर पाखराच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर हलकेच टोचून पाहा: डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग निघालं की ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी.

पान खाल्लेलं आहे पण खाणारा सापडत नाही? रात्री आठनंतर टॉर्च घेऊन पानाची खालची बाजू आणि बुंध्याजवळची माती बघा. चकचकीत वाळलेला माग असेल तर गोगलगाय.

तरीही नाव लागलं नाही तर अळी पाळतो. बरणीत दोन इंच ओलसर माती, त्याच झाडाचं पान, तोंडाला मलमलचं फडकं, जागा सावलीतली. पान रोज बदलायचं, विष्ठा काढायची. घट्ट झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि अळी बुरशीने मरते. माती विसरू नका, पान खाणाऱ्या बऱ्याच अळ्या मातीतच कोष करतात. एका बरणीत एकच अळी, कारण हिरवी बोंडअळी सोबतिणीलाच खाते.

कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला नमुना द्यायचा असेल तर अळी आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून मग सत्तर टक्के स्पिरिटमध्ये टाकतो. थेट टाकली तर काळी पडते, रंग-रेघा जातात. फोटो वरून, बाजूने आणि खाल्लेल्या पानासकट काढतो, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.

अळीच्या अंगावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष चिकटलेले असतील तर ती झाडावरच राहू द्या. त्यातून अळ्यांचा फडशा पाडणाऱ्या बारीक गांधीलमाश्या निघणार आहेत.