कौंचबीज, वरण आणि गोळीची वेळ

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान झालेल्या माणसाला आमच्या लातुरात प्रकृतीची चौकशी कमी आणि उपाय जास्त ऐकावे लागतात. त्यातला नेहमीचा प्रश्न असा असतो : “सर, कौंचबीजाचे चूर्ण घेता का? त्याने गोळ्या सुटतात म्हणे.” आणि त्याच दमात, “मग तुम्ही खाता तरी काय?” तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कौंचबीज म्हणजे कुंपणावर चढणाऱ्या खाजकुयलीचे बी. तिच्या शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की काय हाल होतात, ते शेतात वावरलेल्यांना सांगायला नको. त्या बियांमध्ये लेव्होडोपा हे द्रव्य खरोखरच असते, आणि आमच्या गोळीतही तेच असते. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते या बियांमधून वेगळे काढले. वाढत्या मात्रेत दिल्यास कंपवातावर त्याचा ठळक गुण येतो, हे अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७ साली दाखवले. लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तर ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. म्हणून या चूर्णाला सरसकट थोतांड म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

परंतु ज्यात औषध आहे, ते औषधासारखेच मोजूनमापून घ्यावे लागते, आणि चूर्णाच्या बाबतीत नेमके तेच जमत नाही. बियांमधील लेव्होडोपाचे प्रमाण वाण, जमीन आणि प्रक्रिया यांनुसार बदलते, त्यामुळे एका डब्यातला चमचा आणि दुसऱ्या डब्यातला चमचा सारखा असेलच, याची खात्री देता येत नाही. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असते. ते नसेल तर बरेचसे औषध मेंदूत पोहोचण्याआधीच खर्ची पडते आणि मळमळ किंवा चक्कर तेवढी वाट्याला येते. गोळ्या चालू ठेवून वर चूर्ण घेतले, तर मात्रा नकळत वाढून शरीराच्या अनावर हालचाली, भास किंवा रक्तदाब उतरणे असे त्रास होऊ शकतात. उलट गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर तीव्र ताठरपणा, ताप आणि भ्रम होऊन प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून ज्यांना चूर्ण घ्यायचेच आहे, त्यांनी तो डबा आधी न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवावा. वैद्यांकडून घेत असाल, तरी दोघांनाही एकमेकांची औषधे माहीत असू द्यावीत.

आता खाण्याविषयी. माझ्या अनुभवात काय खाल्ले यापेक्षा केव्हा खाल्ले, याला जास्त महत्त्व आहे. लेव्होडोपा आणि प्रथिनांपासून तयार होणारी काही अमिनो आम्ले आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दाराने शिरतात. एसटी लागल्यावर दारात जी झुंबड उडते तीच गत येथे होते, आणि गर्दीत औषध मागे राहते. लग्नाच्या पंगतीत दोन वाट्या वरण रिचवल्यावर गोळी घेतली, की तासाभरानेही पाय जमिनीला खिळल्यासारखे राहतात, ते यामुळे. मी सकाळची गोळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घेतो, दुधाच्या चहाबरोबर नाही. धपाटे-दही त्यानंतर तासाभराने. दुपारच्या ताटात भाकरी, अंबाडी किंवा दुसरी पालेभाजी आणि कोशिंबीर असते. तुरीचे वरण, शेंगोळे, दूध हे सारे रात्रीवर ढकलले आहे. रात्री हालचाल थोडी मंदावली तरी माझे फारसे अडत नाही. ज्यांना रात्री कूस बदलणेही अवघड जाते, त्यांना ही विभागणी सोयीची नाही. वरण मात्र कोणीही सोडू नये. या आजारात वजन आणि स्नायू तसेही घटतात. गोळीने मळमळत असेल तर सोबत एखादे केळे किंवा भाकरीचा तुकडा चालतो. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपाला अडवतात. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर असावे.

हळद, ग्रीन टी, कॉफी यांचाही आग्रह होतो. हळदीतील कुरकुमिनाचे प्रयोगशाळेतील निष्कर्ष उमेद वाढवणारे असले, तरी पोटातून ते फारच थोडे शोषले जाते. हळद भाजीत आहे तेवढी मला पुरे वाटते. कॉफी पिणाऱ्यांमध्ये हा आजार कमी आढळतो हे खरे, पण आजार जडल्यानंतर कॅफिनने लक्षणे सुधारत नाहीत, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. ई जीवनसत्त्व आणि कोएन्झाइम क्यू-१० यांच्या मोठ्या चाचण्याही निष्फळ ठरल्या. त्या महागड्या बाटल्यांपेक्षा तो पैसा फळांवर खर्चावा.

ज्याविषयी कोणीच विचारत नाही, ते म्हणजे बद्धकोष्ठ. ते या आजाराचेच एक लक्षण आहे, अनेकांना कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून असते, आणि पोट साफ नसेल तर गोळीही उशिरा लागू पडते. ज्वारी, पालेभाज्या, पेरू, भिजवलेल्या मनुका यांचा उपयोग होतो. पण पाणी कमी पडले तर कोंडाही घट्ट बसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे निर्जळी उपवास मी बंद केले आहेत. एकादशीला घरातील मंडळी साबुदाणा खातात, मी भगर आणि ताक घेतो; ताकातही प्रथिने असतात, म्हणून तेही गोळीनंतर तासाभरानेच.