देवमाशाच्या पाठीवरचे पांढरे चट्टे

सॅन डिएगोतला हा माझा दुसरा हिवाळा. डिसेंबर सरत आला की इथे पॉइंट लोमाच्या कड्यावर माणसं दुर्बिणी घेऊन उभी राहतात. अलास्काच्या बाजूचा थंड समुद्र सोडून करडे देवमासे मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांकडे निघालेले असतात, तिथे माद्या पिल्लांना जन्म देतात. जाऊन-येऊन १५ हजार किलोमीटरच्या वर. परवा मलाही एक फवारा दिसला, मागोमाग करडी पाठ आणि तिच्यावरचे पांढरे चट्टे. त्या चट्ट्यांसाठीच तर मी इथे शिकायला आले आहे!

चट्टे म्हणजे बार्नॅकल. दिसायला शिंपल्यासारखे, पण नात्याने खेकडा-कोळंबीचे भाऊबंद. देवमाशाच्या कातडीत रुतून बसतात आणि तो नेईल तिथे जातात. त्यांचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, थरावर थर चढत वाढणारं. त्यातले ऑक्सिजनचे अणू बहुतेक १६ वजनाचे असतात, अगदी थोडे १८चे, म्हणजे जड. पाणी जितकं थंड, तितका त्या थरात जड ऑक्सिजन जास्त. म्हणून बारीक ड्रिलने एकेका थराची चिमूटभर भुकटी काढायची आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, मोजायची. आकडे वर-खाली होत जातात, आणि देवमासा थंड पाण्यातून कोमट पाण्यात कसा आला ते समोर येतं. याच शहरातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत जॉन किलिंगली यांनी १९८० मध्ये हे करून दाखवलं. देवमाशाच्या अंगावर कुठलंही यंत्र न लावता!

अर्थात यात गुंतागुंत आहे. पाण्याचा खारटपणा बदलला तरी आकडा बदलतो, त्यामुळे तापमान एकट्याने सगळं सांगत नाही. देवमासा अमुक दिवशी अमुक ठिकाणी होता, असं कवचावरून म्हणता येत नाही. ते काम उपग्रहाशी जोडलेल्या टॅगचं. पण टॅग लावल्या दिवसापासून पुढचंच सांगतो. कवचात मागचं असतं, आणि मला त्याचंच जास्त वेड लागलं आहे.

किती मागचं? २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी जीवाश्म बार्नॅकल तपासले. पनामाच्या किनाऱ्यावर सापडलेले काही सुमारे २ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे होते. त्यांच्या थरांतही तसेच चढ-उतार निघाले. म्हणजे देवमासे तेव्हाही असाच लांबचा प्रवास करत होते. ज्या देवमाशांवर ते बसले होते त्यांचं हाडही हाती नाही, पण त्यांची वाट कळते.

हे जीवाश्म तिथे साठले कसे, तेही ऐका. विणीच्या कोमट पाण्यात देवमासे महिनोन् महिने मुक्काम करतात, आणि तिथेच अंगावरची कवचं गळून तळाशी पडतात. परवा पाहिलेल्या त्या पाठीवरचीही आता लवकरच बाहाच्या एखाद्या खाडीत पडतील.