हौदातले किडे आणि आजीचा नारू

२१ जून, रविवार

आज सकाळचे दोन तास हौदाशी गेले. परसातला जुना सिमेंटचा हौद, गुडघाभर खोल. दोन वर्षांपूर्वी त्यात कमळ लावलं. परवा घरोघरी पाणी तपासायला आलेल्या ताई डोकावल्या आणि म्हणाल्या, "यात किडे झालेत. ओतून टाका, आठवड्याला कोरडा दिवस पाळा." त्यांचं बरोबरच आहे. या दिवसांत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्याचा हिशेब. पण कमळाचा हौद दर आठवड्याला कोरडा कसा करायचा? आणि 'किडे' म्हणजे नेमके कोण, हे बघितल्याशिवाय मला ओतवेना.

चिनी मातीची पांढरी बशी, औषधाचा ड्रॉपर आणि बाबांचं वाचायचं भिंग घेतलं. पांढऱ्यावर सगळं उठून दिसतं.

डासाच्या अळ्या होत्याच. डोकं खाली, शेपटाकडची श्वासाची नळी पाण्याच्या वरच्या थराला लावून तिरक्या लटकलेल्या. म्हणजे मलेरियाच्या डासाच्या नव्हेत. त्याच्या अळ्या पाण्याला समांतर, आडव्या राहतात. तरी यांनाही थारा नको. चहाच्या जुन्या गाळणीने काढून उन्हात टाकल्या.

गाळात लालभडक, दोऱ्यासारखे काहीतरी वळवळत होते. मी इतके दिवस त्यांना जंत समजत होते. त्या डासासारख्याच दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या. गाळात प्राणवायू कमी, म्हणून त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. त्याचा तो लाल रंग.

देठाला चिकटलेलं मातकट, सहा पायांचं एक ध्यान बराच वेळ ढिम्म हललं नाही. अळी जवळून गेली आणि तोंडाखाली घडी घालून ठेवलेला त्याचा ओठ सपकन पुढे आला, अळी गायब. चतुराचं पिल्लू! शेजारी टाचणीचंही होतं, म्हणजे चतुराच्याच सडपातळ भावंडाचं, बारीक अंगाचं, शेपटाला तीन पानं लावल्यासारखी. गप्पी मासे सोडायचा विचार मी तिथेच रद्द केला. त्यांनी अळ्यांबरोबर ही पिल्लंही लहानपणीच खाल्ली असती. गाळणी एक दिवसाआड फिरवेन, पण चतुर राहू देत.

मग शेवटचा थेंब. त्यात पांढरे ठिपके झटके देत पळत होते. भिंगाखाली एक सापडला. पेरूच्या बीपेक्षाही लहान, पुढे निमुळतं होत गेलेलं अंग, कपाळाच्या मधोमध एकच डोळा, शेपटाच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. सायक्लॉप्स.

हात थांबला. माझ्या आजीच्या डाव्या घोट्यावर बांगडीएवढा व्रण होता, आणि तो पाय ती जन्मभर ओढत चालली. नारू, म्हणजे माणसाच्या कातडीखाली वाढणारा लांब जंत. गावाला पायऱ्यांची विहीर. नारूवाल्याच्या पायाची आग होई, तो पाण्यात पाय बुडवी, तिथे नारू आपली पिल्लं सोडी, ती सायक्लॉप्सच्या पोटात जात आणि सायक्लॉप्स घागरीत. पाणी पिऊन वर्षभराने पायाला फोड येई, त्यातून हातभर लांबीचा नारू डोकावे. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजे. आजीचा तुटला होता.

भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. लस नव्हती, औषध नव्हतं. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, पाण्यात सायक्लॉप्स मारायचं औषध टाकणं आणि घरोघरी फडक्याने पाणी गाळणं, एवढ्यावर हे झालं. आजी नळाचं पाणीसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळायची. आम्ही कंटाळायचो, घाई करायचो. फडक्यावर काय अडकतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. मी आज पाहिलं.

नारूच नाही, तर हा सायक्लॉप्स निरुपद्रवी आहे, चतुराच्या लहानग्यांचं खाणं आहे. बशी हळूच हौदात बुडवली आणि त्याला सोडून दिलं.

दुपारी आईला फोन करून विचारलं, आजीचं ते फडकं कुठे गेलं?

"माझ्या कपाटात आहे," आई म्हणाली. "धुऊन, घडी घालून ठेवलंय. का गं?"