सगळे व्हॉल्व्ह की फक्त लाल खुणेचे?

इंग्रजी मॅन्युअल तपासण्याच्या कामात माझ्याकडे वाद येतो तो बहुधा 'भाषांतर चुकलं' म्हणूनच. हाही तसाच आला. पुण्याजवळच्या एका कारखान्याचे पंप फ्रेंच मॅन्युअलसह पश्चिम आफ्रिकेत गेले होते. तिथल्या ऑपरेटरने मॅन्युअलबरहुकूम पंप चालू केला आणि सील जळालं. पंप चालू करण्याआधी व्हॉल्व्ह बंद करावेत, त्यांवर लाल खूण असते, अशा अर्थाचं वाक्य फ्रेंचमध्ये होतं. म्हणजे सगळे बंद, पंपात पाणी आत येणाऱ्या सक्शनचासुद्धा. भाषांतर करणाऱ्या बाईंचं बिल कारखान्याने अडवलं होतं आणि चूक त्यांची आहे एवढं मी लिहून द्यायचं होतं.

ते मला लिहून देता येईना, कारण ज्यावरून भाषांतर झालं ते मूळ इंग्रजी वाक्य असं होतं: 'द व्हॉल्व्ह्ज, विच आर मार्क्ड इन रेड, मस्ट बी क्लोज्ड बिफोर स्टार्टिंग द पंप.'

सेंट्रिफ्यूगल पंप चालू करताना डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या बाजूचा, व्हॉल्व्ह बंद ठेवतात. पाणी पुढे जात नसलं की मोटरवर भार सगळ्यात कमी येतो. वेग आला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. फार वेळ बंद ठेवला तर आतलं पाणी तापतं. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडाच हवा. तो बंद असेल तर पंप कोरडा फिरतो, मेकॅनिकल सीलच्या दोन चकत्यांमधली पाण्याची पातळ फिल्म जाते आणि चकत्या तापून तडकतात. लाल खूण फक्त डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हना होती. इंजिनिअरला म्हणायचं होतं, ज्यांना लाल खूण आहे तेवढेच बंद करा.

'विच'च्या आधी आणि 'रेड'नंतर कॉमा दिले की मधला मजकूर जादा माहिती होतो. तो उचलून बाजूला ठेवला तरी वाक्याचा हुकूम बदलत नाही: व्हॉल्व्ह बंद करा. कॉमा काढले की तोच मजकूर निवड करतो, कोणते व्हॉल्व्ह ते सांगतो. परीक्षा सोपी आहे. मधला भाग बोटाने झाका आणि उरलेलं वाक्य पाळल्यावर मशीन शाबूत राहील का ते पाहा. राहणार नसेल तर तिथे कॉमा नको. फ्रेंचमध्येही हा फरक असाच चालतो, त्यामुळे बाईंनी कॉमा वाचले आणि बरोबर भाषांतर केलं. (जर्मनमध्ये असं उपवाक्य दोन्ही अर्थांना कॉमानेच तोडतात. जर्मन प्रत असती तर वाचणाऱ्याला निदान शंका तरी आली असती.)

कॉमा आले कुठून हे पाहायला मी जुन्या फाइली मागवल्या. पहिल्या प्रतीत ते नव्हते. डिझाइनच्या माणसाने 'व्हॉल्व्ह्ज विच आर मार्क्ड इन रेड' असं सरळ लिहिलं होतं आणि ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ते चालतं. पुढच्या प्रतीत ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेला प्रत्येक बदल दाखवणारी सोय, चालू राहिली होती, म्हणून सापडलं. सॉफ्टवेअरने 'विच'खाली रेघ मारली असणार. तिथे ते दोन पर्याय देतं: आधी कॉमा घाला, नाहीतर 'दॅट' करा. कोणीतरी कॉमा स्वीकारला आणि अख्ख्या मॅन्युअलभर स्वीकारत गेलं. कोणता पर्याय बरोबर हे पंप कळल्याशिवाय ठरत नाही, आणि दस्तऐवज विभागात पंप कळणारा माणूस ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही.

तो कॉमा कोणाला खटकला नाही याला आपली मराठीही कारण आहे. 'ज्या झडपांना लाल खूण आहे, त्या बंद करा' यात निवड 'ज्या-त्या' करतात. स्वल्पविराम फक्त दम घ्यायला असतो. ती सवय इंग्रजीत उतरते. त्याच मॅन्युअलमध्ये 'टायटनिंग ऑफ द बोल्ट्स ऑन द कपलिंग गार्ड, शुड बी डन' असं होतं. कर्ता लांबला म्हणून श्वास घेतला, पण इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांच्यात असा एकटा कॉमा बसत नाही. उलट जिथे हवा तिथे नव्हता: 'इफ द मोटर इज हॉट वॉटर मस्ट नॉट बी स्प्रेड ऑन इट.' डोळा 'हॉट वॉटर' एकत्र वाचतो आणि गार पाणी मारायला मोकळा होतो. 'हॉट'नंतर कॉमा हवाच.

आकड्यांतही तीच गत. तक्त्यात '2,900 आरपीएम' आणि युरोपीय डेटाशीटवरून जसाच्या तसा उतरवलेला '1,5 बार' शेजारी शेजारी. पहिला कॉमा हजाराचा, दुसरा दशांशाचा. फ्रेंच वाचकाला 2,900 म्हणजे तीनपेक्षा किंचित कमी. निर्यातीच्या कागदात हजारासाठी मोकळी जागा सोडावी, 2 900, आणि सगळीकडे दशांशचिन्ह एकच ठेवावं. बाईंनी या तक्त्याबद्दल मेलवर विचारलंही होतं. 'ॲज पर सोर्स', म्हणजे मूळात आहे तसंच ठेवा, एवढंच उत्तर गेलं. मग व्हॉल्व्हबद्दल त्यांनी पुन्हा विचारायला हवं होतं का? पंप जाणणाऱ्या भाषांतरकाराने विचारलं असतं असं मला अजूनही वाटतं. पण असं उत्तर मिळाल्यावर मी तरी विचारलं असतं का, सांगता येत नाही.

मॅनेजर म्हणाले, कॉमावरून कोणी पैसे मागतं का? त्यांना मी 'महंमद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा 1979चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. औषधांच्या कायद्यात 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' असे शब्द होते. 'स्टॉक्स'नंतर कॉमा नाही, म्हणून 'फॉर सेल' साठ्यालाही लागू होतं आणि विक्रीचा हेतू नसलेला नुसता साठा त्या कलमात बसत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. त्यावर मॅनेजर म्हणाले, ते कोर्टाचं वेगळं.

दुरुस्त वाक्यात मी 'विच' ठेवलंच नाही. 'बिफोर स्टार्टिंग द पंप, क्लोज डिलिव्हरी व्हॉल्व्ह व्ही-2. कीप सक्शन व्हॉल्व्ह व्ही-1 फुली ओपन.' हुकमाच्या वाक्यात उपवाक्य नकोच. व्हॉल्व्हला नंबर द्यावा आणि तोच छापावा. बाकीचे 'विच' मी शोधून एकेक झाकून पाहिले. बहुतेक ठिकाणी 'दॅट' झालं, थोडे कॉमासकट राहिले.

अहवालात मूळ इंग्रजी चुकल्याचं लिहिलं. बिल सुटलं, पण बाईंना पुढचं काम दिलं नाही असं ऐकलं. स्पेअर किटच्या यादीत 'गॅस्केट, ओ-रिंग, इम्पेलर नट अँड वॉशर' आहे: वॉशर नटाबरोबरचा की वेगळा मोजायचा, यावर गिऱ्हाइकाची तक्रार आधीच आलेली आहे. तिथे 'अँड'च्या आधी कॉमा घाला किंवा चार ओळी करा, असं मी लिहिलं होतं. यादी ईआरपीतून, म्हणजे कारखान्याच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमधून, छापली जाते आणि तिथलं वर्णन बदलायचा अधिकार स्टोअरकडे आहे, असं उत्तर आलं. स्टोअरला मेल केलाय.