मेथी की पालक

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या आठवड्यातली गोष्ट. मंडईत मी वीसेक मिनिटं नुसता उभा होतो. मेथी घ्यावी की पालक, एवढंच ठरवायचं होतं. भाजीवाल्या मावशींनी दोनदा "काय देऊ दादा?" विचारलं, मग त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, "अहो, भाजी?" आणि मला रडूच कोसळलं.

त्याच संध्याकाळी शनिवार पेठेतलं ऑफिस विकायचं मी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. सव्वीस वर्षं तिथे बसून लोकांचे हिशेब लिहिलेत, रिटर्न भरलेत. ते सगळं मोडताना जराही जड गेलं नाही. नैराश्यात असंही होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाजी ठरत नाही, पण आयुष्य उलटंपालटं करणारा निर्णय लख्ख दिसतो, सुटका वाटावी इतका. आपलं काही चुकतंय अशी शंकासुद्धा येत नाही. उलट वाटतं, बाकीचे भ्रमात आहेत. खरं काय ते मलाच कळलंय, आपल्या हातात काहीही नसतं.

याला मी पुरावाही शोधला होता. १९७९ साली अमेरिकेत अ‍ॅलॉय आणि अब्रॅमसन या दोघींनी विद्यार्थ्यांपुढे एक बटण आणि एक हिरवा दिवा ठेवला. दिवा लागणं आपल्या हातात किती, हे ओळखायचं. तो हातात नसताना बाकीच्यांना उगाच आहेसं वाटलं, उदास मुलांचा अंदाज मात्र बरोबर आला. मी हे डॉक्टरांना वकिली थाटात ऐकवलं. (२०२२ साली हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही, हे मला फार नंतर कळलं.) त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "तीन महिने काही विकायचं नाही, काही सोडायचं नाही. गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात." ऑफिसची कागदपत्रं बायकोने त्याच दिवशी भावाकडे नेऊन ठेवली. मी भांडलो. आज त्या भांडणाची मला लाज वाटते.

डॉक्टरांनी एक वहीही करायला लावली. सकाळी डाव्या पानावर आज काय होईल तो अंदाज लिहायचा, रात्री उजव्या पानावर प्रत्यक्षात काय झालं ते. पहिल्या दिवशी डावीकडे लिहिलं, "हडपसरच्या पार्टीला फोन केला तर ते शिव्या देतील, काम काढून घेतील." उजवीकडे लिहावं लागलं, "म्हणाले, आवाज खोल गेलाय तुमचा, जेवलात का?" महिनाभर अशी पानं भरली. डाव्या पानावरचा माणूस जवळजवळ रोज चुकत होता, आणि रोज तितक्याच खात्रीने लिहीत होता. उभा जन्म ताळे जुळवण्यात गेलेल्या मला ते पाहून हादरायला झालं.

ऑफिस अजून आहे. गोळ्या चालू आहेत. बायकोशी एक ठरलंय: सलग तीन दिवस मी मंडईतून रिकामा आलो, तर तिने मला काही विचारत बसायचं नाही, सरळ डॉक्टरांची वेळ घ्यायची. फ्रिजच्या दारावर तिने टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही चिकटवलाय. तिथे मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.