तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी चेकिंग कशाला?

"तुमचं अजून दरवर्षी चेकिंग होतं का हो?" इथे इंग्लंडमध्ये मी इलेक्ट्रिशियन आहे, आणि दरवर्षी असेसर, म्हणजे तपासनीस, येऊन माझं काम बघतो. त्यावरून हा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत विचारतात, गावाकडून फोन आला की मामा विचारतो, आणि मराठी लोकांकडे काम असलं की चहाच्या वेळी हमखास निघतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हे कळतं मला. पण प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, की एवढी वर्षं होऊनही तुम्हाला काम येतं यावर कुणाचा विश्वास नाही का. आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडची दोन वर्षं, मग लोकांच्या हाताखाली, आणि आता एकोणीस वर्षं स्वतःच्या नावावर. लागतं ते मनाला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट, कारण बहुतेकांना हे खरं वाटत नाही: इंग्लंडमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून धंदा करायला कायद्याने लायसन्स लागत नाही. जानेवारी २००५ मध्ये बांधकाम नियमांचा पार्ट पी हा भाग आला, तो घरातल्या वायरिंगपुरता. नवीन सर्किट टाकलं, कन्झ्युमर युनिट (घराचा मुख्य ब्रेकर-बॉक्स) बदललं, बाथरूममध्ये शॉवरच्या जवळ काही काम केलं, तर ते कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवावं लागतं. इलेक्ट्रिशियनची नोंदणी करणाऱ्या आणि असेसर पाठवणाऱ्या स्कीममध्ये नाव असेल तर मी स्वतःच काम सर्टिफाय करतो आणि स्कीममार्फत ३० दिवसांत कळवतो. नाव नसेल तर अशा प्रत्येक कामाआधी अर्ज, फी, इन्स्पेक्टरची वाट. एकट्या माणसाला ते परवडत नाही. म्हणजे सक्ती नाही म्हणतात पण आहे, आणि त्या नावासाठी दरवर्षी माझे पाचशे पौंडांच्या वर जातात, इन्शुरन्स वेगळा, मीटरचं कॅलिब्रेशन वेगळं, आणि कागद जुळवण्यात आधीचा आठवडा जातो तो कुठेच धरला जात नाही.

माझा राग कशावर होता तेही सांगतो, आणि तो सगळा गेलेला नाही. मोठ्या कंपनीत वीस पोरं काम करत असली तरी असेसमेंट कंपनीचं होतं, एक क्वालिफाइड सुपरवायझर पुढे उभा राहतो आणि निवडलेली कामं दाखवतो. त्या वीसातला एखादा वर्षानुवर्षं असेसरच्या नजरेस पडत नाही. गॅसवाल्यांचं बघा, तिथे प्रत्येक माणसाला स्वतः दर पाच वर्षांनी परीक्षा द्यावी लागते. आमच्याकडे खरी तपासणी होते ती एकट्याची, कारण एकटाच कंपनी असतो आणि एकटाच सुपरवायझर. ही पैसे काढायची सोय आहे असं मी कित्येक वर्षं म्हणत होतो, मोठ्याने म्हणत होतो, दुसऱ्या मराठी पोरांनाही सांगत होतो. तो मी खोटं बोलत नव्हता. पण त्याला एक गोष्ट माहीत नव्हती.

असेसर आला की दोन कामं दाखवायची असतात, आणि ती कामं आपणच निवडतो. चार वर्षांपूर्वी मी एका आजींचं घर निवडलं. कन्झ्युमर युनिट बदललेलं आणि किचनमधले सॉकेट नवीन. ते युनिट इतकं नीट भरलं होतं मी, सगळ्या वायरी एका वळणात, लेबलं सरळ, की फोटो काढून ठेवला होता. अभिमानाने नेलं त्याला तिथे. नेहमीप्रमाणे आधी सेफ आयसोलेशन, म्हणजे वीज नक्की बंद असल्याची खात्री, करून दाखवलं: टेस्टर प्रूव्हिंग युनिटवर (टेस्टर चालतो का ते दाखवणारं यंत्र) तपासायचा, मग सर्किट डेड आहे का बघायचं, मग टेस्टर परत तपासायचा. त्यात चूक व्हायचं कारण नव्हतं, रोजचंच ते.

मग तो म्हणाला, रिंगची कंटिन्युइटी दाखव.

इथल्या सॉकेटची वायर युनिटमधून निघून सगळ्या सॉकेटमधून फिरून परत युनिटमध्ये येते, ती रिंग. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, पण ब्रेकर ३२ अँपिअरचा, कारण करंट दोन्ही बाजूंनी वाटला जातो हे गृहीत धरलेलं असतं. कुठे तुटली तरी सगळे सॉकेट चालू राहतात, घरच्यांना काहीही कळत नाही, फक्त लोड सगळा एका बाजूवर येतो. म्हणूनच कंटिन्युइटी, म्हणजे वायर अखंड आहे का, ते बघायला लाइन, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्हींचं टोक ते टोक रेझिस्टन्स मोजून टेस्ट शीटवर लिहायचं असतं. माझ्या शीटवर लिहिलं होतं ०.३७, ०.३७, ०.६२ ओहम.

लाइन मोजली, ०.३७. अर्थ मोजला, ०.६१. न्यूट्रलची दोन्ही टोकं युनिटमधल्या बारमधून (सगळ्या न्यूट्रल जोडायची पट्टी) काढली, प्रोब लावले, आणि मीटरवर आकडा आलाच नाही. ओपन, म्हणजे वायर कुठेतरी तुटलेली. परत लावले. परत ओपन. प्रोब बदलून बघितले, उगाच, कारण आत्ताच त्याच प्रोबने बाकीचे आकडे आले होते.

तो काही बोलला नाही. मी एकेक सॉकेट उघडत गेलो आणि तो मागे उभा. तिसरा, ड्रायरच्या मागचा. पुढे ओढला तशी एक काळी न्यूट्रल टर्मिनलमधून सुटलेलीच बाहेर आली, टोकाला स्क्रूचा नुसता ओझरता ओरखडा. दुसरी अजून धरलेली होती, पण अर्धवट, आणि तिचं इन्सुलेशन बोटभर तपकिरी पडून कडक झालेलं. नखाने दाबलं तर तडकलं. तो सॉकेट मीच बसवला होता. स्क्रू मीच आवळला होता. त्यावर त्या आजींचा ड्रायर अकरा महिने चालत होता.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. युनिट बदललं त्या दिवशी शुक्रवार होता, सहा वाजून गेले होते, घरात फ्रीज बंद, आजी अंधारात बसलेल्या. न्यूट्रल मी आधीच बारमध्ये घट्ट करून टाकल्या होत्या. लाइन मोजली, ०.३७ आली. न्यूट्रल त्याच जाडीची, म्हणजे तेवढीच असणार. अर्थ १.५ चौरस मिलिमीटरची, त्याहून बारीक, म्हणजे गुणिले १.६७, आलं ०.६२. मोजलं एक आणि लिहिले तीन. गणित बरोबरच होतं, अर्थाच्या आकड्याने ते सिद्धही केलं.

असेसरने विचारलं, हे आकडे त्या दिवशी मोजलेले आहेत ना? मी म्हणालो, हो, नंतर सुटली असणार. त्याने माझ्याकडे बघितलं, नॉन-कॉन्फॉर्मन्स (काम नियमात बसत नाही असा शेरा) लिहिला, दुरुस्तीचा पुरावा पाठवायला सांगितलं आणि पुढच्या कामाकडे निघाला. आजी दारात येऊन म्हणाल्या, सगळं ठीक आहे ना? मी म्हणालो, किरकोळ आहे.

आजींना मी दोन आठवड्यांनी जाऊन खरं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलावतील. बरोबरच आहे त्यांचं. असेसरला मात्र मी अजून सांगितलेलं नाही, आणि हे वाचून मला नावं ठेवायची तर ठेवा.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे आणि नाहीही. सर्टिफिकेटवर तीन गोष्टींची जबाबदारी असते, डिझाइन, काम आणि तपासणी. कंपनीत त्या तीन माणसांच्या असू शकतात. माझ्याकडे तिन्ही ठिकाणी सही माझीच. वर्षभरात माझ्या कामावर दुसरे डोळे पडतात ते त्या एका दिवशी, म्हणून मी पैसे देऊन त्याला बोलावतो. पण मग जुना मी लगेच भांडायला उठतो, की अरे, ते घर तू निवडलंस म्हणून सापडलं, दुसरं निवडलं असतंस तर तो सही करून गेला असता आणि तपकिरी वायर तशीच राहिली असती, मग ही कसली तपासणी. याला माझ्याकडे उत्तर नाही. असेसरने कामं निवडावीत, न सांगता निवडावीत, असं मी स्कीमला दोनदा लिहिलंय. फीडबॅकबद्दल आभार, असं उत्तर आलं.

त्या वर्षी मी किती रिंग तशा लिहिल्या होत्या ते मला नक्की आठवेना, त्यामुळे सगळ्यांनाच फोन केले. चौदा घरं. फुकट परत टेस्ट करून देतो म्हणालो. नऊ जणांनी येऊ दिलं, नऊही रिंग ठीक निघाल्या, आणि त्यातल्या दोघांनी मी काहीतरी विकायला आलोय असं समजून आधी दारातच उभं केलं होतं. पाच जणांनी नको म्हणून सांगितलं किंवा फोनच उचलला नाही. मग पत्रं टाकली, काय तपासायचंय आणि का, ते स्पष्ट लिहून.

यंदाचं असेसमेंट पुढच्या महिन्यात आहे. त्या पाचांपैकी एकाचा परवा मेसेज आला, की घर विकायला काढलंय, नवीन माणसाला वायरिंगचा कागद हवाय, तर येऊन जा. शनिवारी जातोय. आधी दोन्ही न्यूट्रल बाहेर काढणार आहे.