एक कोयता म्हणजे किती?

आज साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी कारखान्याजवळ चालणाऱ्या शाळेत, तिसरीच्या पोरांना गणित शिकवायला गेलेलो, म्हणजे शिकवणार होतो असं म्हणूया 😀 निम्मी पोरं बीडकडची, दिवाळीच्या सुमारास आईबापासोबत आलेली, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत गावाला. म्हटलं यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ, तर फळ्यावर लिहिलं, ५ कोयते असतील तर ऊस तोडणारी माणसं किती? माझं उत्तर तयार, पाच. तर मागनं एक पोरगी म्हणली, "दहा की ओ सर! नवरा-बायको मिळून एक कोयता असतो." सगळा वर्ग हसला, मीपण. मग उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, घेतली की ती कशी फिटते तेपण तिनंच समजावलं, बोटांवर मोजत, मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला.